फोनला फोर-के झेपतं का? चाळीस वर्षांच्या तापाची गोष्ट

आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, थोडा इतिहासाचा आहे आणि खरं सांगायचं तर माझ्या घरच्या एका भांडणातून आलाय. तेव्हा आधी भांडण.

गेल्या मे महिन्यात अमरावतीला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. दुपारचा मुहूर्त, बाहेर मांडव, आणि ऊन म्हणजे विचारू नका. आमच्या आजीने या लग्नासाठी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. वय ८१, पण आवाज अजून खणखणीत. शूटिंगचं काम माझ्याकडे, कारण नवा फोन माझ्याकडे. चार महिन्यांपूर्वी हप्त्यावर घेतलेला, खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘फोर-के, ६० एफपीएस’. मी तेच सेटिंग लावून उभा राहिलो. हळद, वरात, पाहुण्यांची गळाभेट, सगळं घेतलं. आजीने माइक धरला, पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं आणि स्क्रीनवर पाटी आली: तापमान वाढल्यामुळे कॅमेरा बंद होत आहे. बंद म्हणजे बंद. मामा मागून म्हणाला, “इंजिनिअर आहेस ना बे तू?”

आहे. बी.टेक. आहे, रोज कोड लिहून पोट भरतो. म्हणूनच हे जिव्हारी लागलं. तेव्हापासून मी एकच प्रश्न धरून बसलोय: फोनच्या चिपला अल्ट्रा एचडी व्हिडिओ आणि गेम खरंच झेपतात का, की खोक्यावर नुसतं छापलेलं असतं?

आधी आकडा बघू. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाखांच्या आसपास ठिपके. फुल एचडीच्या बरोबर चौपट. सेकंदाला ६० चित्रं धरली तर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर सेकंदाला दीड जीबी. तुमच्या दिवसाच्या डेटा पॅकमध्ये असला कच्चा व्हिडिओ एक सेकंद बघून होईल. प्रत्यक्षात फोर-के व्हिडिओ तुमच्यापर्यंत येतो तो सेकंदाला दोन-तीन एमबीच्या आसपास. म्हणजे कुणीतरी तो काही शे पटींनी दाबून पाठवतो आणि तुमची चिप तो उलगडते. हे उलगडणं कुठे होतं, यावर पुढची अर्धी गोष्ट अवलंबून आहे.

पण त्याआधी १९८५ सालच्या केंब्रिजला जाऊ. इंग्लंडमधलं केंब्रिज. तिथे एकॉर्न नावाची, शाळांसाठी कॉम्प्युटर बनवणारी कंपनी होती. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांनी तिथे स्वतःचा प्रोसेसर डिझाइन केला. माणसं मोजकी, पैसा त्याहून मोजका. चिप गरम झाली तर महागडं सिरॅमिकचं आवरण लागलं असतं, ते परवडणार नव्हतं. साधं प्लास्टिकचं आवरण पुरावं म्हणून चिप गार ठेवायची, एवढाच हिशोब. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप हातात आली, लावली, चालली. फर्बर यांनी विजेचा प्रवाह मोजायला मीटर लावला तर मीटर शून्य दाखवतोय! शोधल्यावर कळलं की बोर्डवरच्या चुकीमुळे चिपला वीजपुरवठाच जोडलेला नव्हता. शेजारच्या जोडण्यांमधून जी थोडी वीज झिरपत होती, तिच्यावर ती बापडी चालली होती. या चिपचं नाव एआरएम१. साधारण २५ हजार ट्रान्झिस्टर.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण आज तुमच्या हातातल्या फोनमधला प्रोसेसर याच घराण्यातला आहे. १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून एआरएम कंपनी काढली, आणि पुढे नोकियाच्या फोनमध्ये हे डिझाइन शिरलं. मुद्दा एवढाच, की फोनची चिप जन्मापासून काटकसरी घरातली आहे. मोठ्या कॉम्प्युटरची चिप आखडून ती तयार झालेली नाही. तिची परीक्षा पहिल्या दिवसापासून एकच: कमी विजेत, न तापता काम कर.

आता अशा काटकसरी चिपला व्हिडिओ दाखवायला लावायचा कसा? इथे इंजिनिअर लोकांनी एक शहाणपणाचं काम केलं. व्हिडिओचं काम मुख्य प्रोसेसरला दिलंच नाही.

मुख्य प्रोसेसर हा हरकामी गडी आहे. सांगाल ते करेल, पण प्रत्येक काम विचार करत, सूचना वाचत करेल, त्यात वीज जाते. त्याऐवजी चिपच्या एका कोपऱ्यात एक वेगळं सर्किट बसवायचं, ज्याला फक्त व्हिडिओ उलगडता येतो. दुसरं काही म्हणजे काही नाही. चकलीच्या सोऱ्यासारखं. सोऱ्यात भाजी चिरता येत नाही, पण चकली पाडायला त्याच्याइतकं झटपट काही नाही. याला हार्डवेअर डिकोडर म्हणतात.

२००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा त्याचा प्रोसेसर ४१२ मेगाहर्ट्झवर चालायचा. आजच्या मानाने काहीच नाही. त्या फोनला व्हिडिओ शूट करता येत नव्हता, ती सोय २००९ च्या थ्रीजीएसमध्ये आली. पण यूट्यूब मात्र दिसायचं. कसं? यूट्यूबचे व्हिडिओ तेव्हा फ्लॅशवर चालायचे आणि आयफोनमध्ये फ्लॅश नव्हतं. मग गूगलने आपले व्हिडिओ एच.२६४ या प्रकारात नव्याने बांधायला घेतले, कारण तो प्रकार उलगडणारं सर्किट आयफोनमध्ये होतं. विचार करा, खिशातल्या एका यंत्राच्या कोपऱ्यातल्या सर्किटसाठी जगातल्या सगळ्यात मोठ्या व्हिडिओ साइटने आपलं कोठार बदललं.

२०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी फ्लॅशविरुद्ध एक जाहीर पत्र लिहिलं. लोकांना त्यातलं राजकारण आठवतं, पण त्यातला एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. त्यांचं म्हणणं होतं की सर्किटने उलगडलेला एच.२६४ व्हिडिओ आयफोनवर १० तासांपर्यंत चालतो, आणि तेच काम सॉफ्टवेअरने केलं तर पाच तासांच्या आत बॅटरी संपते. ॲपलचा स्वार्थ होताच. पण आकड्यामागची गोष्ट खरी आहे.

यात एक ग्यानबाची मेख आहे. चिपमधल्या या सोऱ्यात बसवलेली ताटली बदलता येत नाही. एच.२६४ चा नियम २००३ चा, त्यानंतर एचईव्हीसी २०१३ चा, मग एव्ही१ २०१८ चा. प्रत्येक नवा नियम तेच चित्र आणखी कमी डेटात बसवतो, पण त्याला नवं सर्किट लागतं. एव्ही१ उलगडणारी फोनची पहिली चिप मीडियाटेकची डायमेन्सिटी १०००, २०१९ च्या शेवटी जाहीर झालेली. क्वालकॉमने हे २०२२ च्या स्नॅपड्रॅगन ८ जेन २ मध्ये दिलं, ॲपलने २०२३ च्या आयफोन १५ प्रोमध्ये. म्हणजे या एका बाबतीत मीडियाटेक महागड्या मंडळींच्या तीन-चार वर्षं पुढे होती. “मीडियाटेक आहे, नको घेऊस” असं सांगणाऱ्या मित्रांना हे ऐकवा.

तेव्हा नुसता बघण्यापुरता प्रश्न असेल तर उत्तर सरळ आहे: झेपतं. योग्य सर्किट असेल तर आरामात झेपतं, आणि फोन फारसा कोमटही होत नाही.

मग माझा फोन का बंद पडला? कारण मी बघत नव्हतो, शूट करत होतो.

उलगडणं म्हणजे लिहून दिलेली कृती वाचून पदार्थ करणं. दाबणं म्हणजे पदार्थ चाखून कृती शोधणं. चित्राच्या प्रत्येक लहान चौकोनासाठी चिपला मागच्या चित्रात शोधावं लागतं की हा तुकडा कुठून सरकून इथे आला. नवरीच्या मुंडावळ्या हलल्या, अक्षता उडाल्या, मागे कुणी फेटा सावरला, प्रत्येकाचा माग काढायचा. त्याआधी सेन्सरवरून आलेलं कच्चं चित्र साफ करायचं, रंग लावायचे, हात हलला असेल तर सावरायचं. सेकंदाला ६० वेळा. वर उन्हात स्क्रीन पूर्ण उजेडावर.

फोनमध्ये फोर-के शूटिंग आलं २०१३ मध्ये, स्नॅपड्रॅगन ८०० या चिपबरोबर. सॅमसंगचा गॅलक्सी नोट ३ त्या वेळचा राजा. पण त्यातही एका वेळी पाच मिनिटांचंच फोर-के घेता यायचं. आणि गंमत ऐका, भारतात जो नोट ३ आला त्यात सॅमसंगची स्वतःची एक्सिनॉस चिप होती, आणि त्या फोनला फोर-के शूट करताच येत नव्हतं. नाव तेच, कॅमेरा तसाच, फक्त चिप वेगळी. खोक्यावरचं नाव आणि आतला माल यांचं नातं तेव्हापासून असं आहे.

आता गेमकडे येऊ, कारण तिथलं गणित पूर्ण वेगळं आहे. व्हिडिओ आधीच तयार असतो, तो फक्त उलगडायचा. गेममधलं चित्र मात्र अस्तित्वातच नसतं. तुम्ही मान वळवली की चिपने १६ मिलिसेकंदांत नवं जग रंगवायचं. कुठल्या क्षणी काय लागेल हे आधी माहीत नसतं, त्यामुळे सोऱ्याची युक्ती इथे अर्धीच चालते.

तरी फोनवाल्यांनी एक सुंदर युक्ती शोधली. चिपमध्ये आकडेमोड करायला जेवढी वीज लागते, त्याच्या कितीतरी पट वीज बाहेरच्या मेमरीतून माहिती आणायला लागते. म्हणून इमॅजिनेशन कंपनीच्या पॉवरव्हीआर ग्राफिक्समध्ये पडद्याचे लहान लहान चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन चिपच्या आतल्या छोट्या मेमरीतच पूर्ण रंगवून मग बाहेर पाठवायचा. फोडणी देताना आपण मोहरीसाठी दर वेळी वाण्याकडे धावत नाही, मिसळणाचा डबा हाताशी असतो, तसं. पहिल्या आयफोनमध्ये हेच घराणं होतं. दुसरं मोठं घराणं म्हणजे क्वालकॉमचं अड्रीनो. २००९ मध्ये एएमडीने आपला मोबाइल ग्राफिक्सचा विभाग क्वालकॉमला साडेसहा कोटी डॉलरना विकून टाकला. एएमडीच्या ग्राफिक्सचं नाव रेडिऑन. त्याची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करा, अड्रीनो होतं. आज अँड्रॉइडमधल्या किती फोनांत ते आहे बघा, आणि एएमडीच्या त्या व्यवहाराबद्दल तुम्हीच ठरवा.

आणि मग आलं २०१५. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं वर्ष.

त्या वर्षी स्नॅपड्रॅगन ८१० आली. २० नॅनोमीटर, आठ कोअर, त्यातले चार मोठे कॉर्टेक्स-ए५७ प्रकारचे. एलजी, एचटीसी, सोनी, सगळ्यांनी आपले महागडे फोन तिच्यावर काढले. आणि ती तापते म्हणून बोंब झाली. क्वालकॉमने नाकारलं, पण सॅमसंगने त्या वर्षीच्या गॅलक्सी एस६ मध्ये ती घेतलीच नाही, स्वतःची १४ नॅनोमीटरची चिप बसवली. सोनीने मात्र धाडस केलं. सप्टेंबरमध्ये बर्लिनला एक्सपीरिया झेड५ प्रीमियम दाखवला, जगातला पहिला फोर-के स्क्रीनचा फोन. साडेपाच इंच, इंचाला ८०६ ठिपके, आत तीच ८१० आणि तिला गार ठेवायला आतमध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या. फोन हातात आल्यावर लोकांना कळलं की फोर-के दिसतं ते फोटो आणि व्हिडिओ बघताना. बाकी मेनू, ब्राउझर, गेम, सगळं १०८० मध्येच. सोनीने हे लाजेखातर केलं असं मी म्हणणार नाही. चौपट ठिपके सतत रंगवले असते तर बॅटरी दुपारपर्यंत पुरली नसती.

त्याच वर्षी, २०१५ च्या जानेवारीत, एन्व्हिडियाने टेग्रा एक्स१ दाखवली होती. तीसुद्धा २० नॅनोमीटर. तिच्यातही चार कॉर्टेक्स-ए५७. ग्राफिक्स वेगळं, कंपनी वेगळी, पण प्रोसेसरचे मोठे कोअर तेच, पिढी तीच. या चिपचं पुढे काय झालं? २०१७ मध्ये निन्टेंडोने ती स्विचमध्ये बसवली. त्यात एक छोटा पंखा लावला, स्क्रीन फक्त ७२० ठेवली, चिपचा वेग तिच्या कमाल वेगाच्या बराच खाली बांधला आणि हातात घेऊन खेळताना तो आणखी उतरवला. त्या स्विचचे १५ कोटींहून जास्त नग विकले गेले.

एकाच पिढीच्या दोन चिप. एक बदनाम झाली, दुसरी इतिहासातल्या सगळ्यात जास्त खपलेल्या गेमिंग यंत्रांपैकी एकात जाऊन बसली. फरक कशाचा? पंख्याचा आणि हाव न धरण्याचा. मला स्वतःला हे कळलं तेव्हा मी पंधरा मिनिटं नुसता बसून होतो.

बिनपंख्याच्या फोनला हाताला चटका न लावता सतत बाहेर टाकता येणारी उष्णता साधारण तीन ते पाच वॉट. आजच्या महागड्या चिप पूर्ण जोर लावला की दहा वॉटच्या पुढे जातात. मग पहिली पाच-दहा मिनिटं फोन पळतो, जाहिरातीतला आकडा दाखवतो, आणि नंतर गुपचूप वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. उतरवण्यात गैर काही नाही, ते करायलाच हवं. गैर आहे ते लपवणं. २०१८ मध्ये हुआवेचे काही फोन चाचणीचं ॲप ओळखून तेवढ्यापुरतं जोरात पळतात असं उघड झालं आणि थ्रीडीमार्कच्या यादीतून ते काढले गेले. २०२२ मध्ये सॅमसंगचं गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस प्रकरण झालं: खऱ्या ॲपना वेगाची वेसण, पण चाचणीचं ॲप मोकाट. गीकबेंचने एस२२ सकट चार पिढ्यांचे फोन यादीतून काढले, कंपनीला भागधारकांच्या सभेत माफी मागावी लागली.

२०२३ मध्ये ॲपलने आयफोन १५ प्रोवर कन्सोलचे गेम आणले. रेसिडेंट इव्हिल व्हिलेज फोनवर चालतो, ही साधी गोष्ट नाही. पण तोही आत कमी ठिपक्यांत रंगवून मग मोठा करून दाखवला जातो. खरा फोर-के गेम, प्रत्येक ठिपका स्वतः रंगवून, तासभर, हातातल्या बिनपंख्याच्या फोनवर: नाही, अजून नाही झेपत. यावर मी वाद घालायला तयार आहे.

आणि खेळणाऱ्यांनी तर निकाल कधीच लावलाय. बीजीएमआय गंभीरपणे खेळणारा एखादा पोरगा गाठा आणि त्याचं सेटिंग बघा. ग्राफिक्स ‘स्मूद’, म्हणजे खालच्या दर्जाचं, आणि फ्रेम रेट सगळ्यात वरचा. त्याला गवताची पाती मोजायची नाहीत, समोरचा आधी दिसला पाहिजे. सोनीलाही शेवटी ते पटलं असावं. २०१९ च्या एक्सपीरिया १ पासून फोर-के स्क्रीनचा हट्ट धरून बसलेल्या सोनीने २०२४ च्या एक्सपीरिया १ मार्क ६ मध्ये तो सोडून दिला आणि फुल एचडीवर आली. हातभर अंतरावरून सहा इंचांत तो फरक डोळ्याला फारसा दिसतच नाही, पैसे आणि बॅटरी मात्र जाते.

आता परत अमरावतीच्या मांडवात. ही गोष्ट मला कुठल्याच रिव्ह्यूत सापडली नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो.

फोन गार होतो तो भोवतालच्या हवेत उष्णता सोडून. किती सोडेल हे फोन आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. फोनची पाठ ४३-४५ अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, असं साधारण ठरलेलं असतं. रिव्ह्यू होतो एसीच्या खोलीत, २५ अंशांत. म्हणजे फरक जवळजवळ २० अंशांचा, फोन मजेत. विदर्भात मे महिन्यात दुपारी पारा ४४ वर. फरक शून्य. कधी हवाच फोनपेक्षा गरम. अशा वेळी चिप कितीही महाग घ्या, उष्णता जाणार कुठे? ॲपल स्वतःच आयफोन शून्य ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असं सांगते. ३५! आमच्याकडे मार्चमध्येच ते मागे पडतं. म्हणजे खोक्यावरचं ‘फोर-के, ६०’ खोटं नाही, पण ते दुसऱ्या कुठल्या तरी हवेतलं खरं आहे. आपल्याकडे विकताना ते सांगायला हवं की नको? माझं म्हणणं आहे, हवं. माझ्या फोनच्या माहितीपुस्तिकेत शोधलं, बारीक अक्षरांत शेवटच्या पानाच्या आधी सापडलं.

माझ्याच चुका म्हणाल तर तीन: सकाळपासून सलग शूट करत होतो, कव्हर काढलं नव्हतं आणि फोन पॉवर बँकेला लावलेला होता. चार्जिंगची उष्णता वेगळीच. १०८० आणि ३० वर ठेवलं असतं तर ठिपके आठपट कमी, आणि मंगलाष्टक बहुतेक पूर्ण मिळालं असतं.

दिवाळीत गेलो तेव्हा आजीला म्हटलं, आता थंडी आहे, परत म्हण, नीट घेतो. तर म्हणाली, “मंगलाष्टक काय असं स्वयंपाकघरात बसून म्हणतात होय? आता तुझ्या लग्नात म्हणीन.”

सेटिंग बदलून ठेवलंय. लग्नाचं बघू. भेटू पुढच्या भागात.